अंबादास वकिलांची सही

आधीच सांगते — जिच्या अंगात येतं तिच्या कानाखाली दोन वाजवून बघा, परत येतं का, असं म्हणणाऱ्यातली मी आहे. आमच्या गल्लीत एकीला मी हे तोंडावर म्हटलं होतं. तिनं माझे केस धरले, मी तिचे धरले, आणि अंगातलं निघून गेलं. तर सांगायचं काय, भूत, करणी, भानामती असलं काही मी मानत नाही. इथं ग्रुपवर बाकीच्यांचे अनुभव मी वाचते, बरेचसे वाचून हसते. आता तुम्ही माझा वाचून हसा. चालेल. पण शेवटपर्यंत वाचा.

मी सोलापूरची. कोर्टाच्या मागच्या बोळात ओळीनं पत्र्याचे गाळे आहेत — टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प — त्यातला एक माझा. बोळात सगळे मला अक्का म्हणतात, कारण माझा धाकटा भाऊ सिद्धाराम मला अक्का म्हणतो आणि त्याचा आवाज कोर्टापर्यंत जातो. घरात आम्ही निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलतो. वडील लवकर गेले. अव्वा, म्हणजे आमची आई, दिवसभर शिलाई मशीनवर, त्यामुळं सिद्धूला वाढवलं मीच. वाढवलं म्हणजे खाऊपण घातलं आणि बडवलंपण.

माझं काम म्हणजे नोटरी वकिलांचे अर्ज ऑनलाइन भरायचे. पूर्वी माणूस नोटरीकडं जायचा, वकील रजिस्टरला नोंद करायचा, शिक्का मारायचा, संपलं. आता ते सगळं सरकारच्या वेब सर्व्हिसवर पण चढवावं लागतं. एकेक अर्ज भरत बसलं तर दिवस जातो, म्हणून गठ्ठ्यानं पाठवायची सोय आहे. एक्सेलमध्ये सगळ्यांची नावं, एका फोल्डरमध्ये सगळ्या पीडीएफ, आणि वकिलाचं टोकन. टोकन दिसायला पेनड्राइव्हसारखं, त्यात त्या वकिलाची डिजिटल सही असते. एकदा लावलं, पिन टाकला, की कॉम्प्युटर एकामागून एक सगळ्या अर्जांवर सही करत सुटतो. मध्ये थांबायचं बटण नाही. टोकन उपसलं तरच थांबतो.

नियमानं टोकन वकिलानं स्वतःजवळ ठेवायचं आणि पिन कुणाला सांगायचा नाही. आणि आमच्याकडं? सगळ्यांची टोकनं माझ्या ड्रॉवरमध्ये. पिन सारखे विसरायचे म्हणून सगळ्यांचे पिन मीच एकसारखे करून ठेवलेले. टोकनांवर कुणाचं कुठलं ते नाव टाकायचं कुणी मनावर घेतलं नाही, मी पण नाही. कुणाला पडलीय एवढी… बोळातल्या कुठल्याही गाळ्यात जा, हेच दिसेल.

अंबादास वकील माझे पहिले गिऱ्हाईक. पूर्व भागातले, तेलुगू घर, वडील आयुष्यभर मागावर. तोंड महा फाटकं. मला कळू नये म्हणून शिव्या तेलुगूतून द्यायचे, मग मी कन्नडमधून द्यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. शिक्क्याच्या बाबतीत मात्र माणूस हट्टी — पक्षकार समोर उभा राहिल्याशिवाय शिक्का नाही. कुणी म्हणालं, अहो फोटो आहे की, आधार आहे की, तर म्हणायचे, "फोटो बघून पसंत करायला मी काय सोयरीक जुळवतोय काय?"

तर एका प्लॉटचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडं आलं. मालकीण म्हातारी, हजर नाही, अंगठा मात्र कागदावर तयार. काकांनी शिक्का मारला नाही. दोनदा माणसं पाठवली, तिसऱ्यांदा धमकी दिली, तरी नाही म्हणजे नाही. आणि मागच्या हिवाळ्यात भर दुपारी तोंडाला रुमाल बांधलेली माणसं त्यांच्या अंगणात घुसली आणि लोखंडी गजानं त्यांना मारून टाकलं. काकू मुलीकडं गेल्या होत्या. शेजारी माग चालू, कुणाला ओरडणं ऐकू गेलं नाही.

सरकारी दवाखान्यात ओळख पटवायला काकूंच्या बरोबर मी गेले. त्यांना बघवेना, चादर मी वर केली. उजवं मनगट उलट्या बाजूला वळलेलं. समोरचे दात नाहीत. छातीची एक बाजू आत गेलेली. गुडघा फुटलेला. आणि डोकं… डोक्याचं लिहीत नाही. मी तिथंच ओरडले — ज्यांनी हे केलं ते मला सापडू देत, पोलिसांना द्यायच्या आधी मी त्यांची हाडं मोजून मोडीन. सिद्धू माझ्या शेजारीच उभा होता. माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.

सापडलं कुणीच नाही. बाजारात एका प्लॉटवाल्याचं नाव कुजबुजलं जात होतं. सिद्धू त्याचीच गाडी चालवायचा. मी काय येडी नाही, मी त्याला घरात बसवून विचारलं, "तुझ्या मालकाचं नाव येतंय. तुला काय माहीत आहे?" तर म्हणाला, "अव्वाच्या गळ्याची आण अक्का, मला कायबी म्हाईत न्हाय." अव्वा तिथंच भाकरी थापत होती. तिच्या गळ्याला हात लावून बोलला तो. मी विषय सोडला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

काकांची डिजिटल सही काकूंच्या सांगण्यावरून मीच रद्द करून घेतली. अर्ज मीच भरला, रद्द झाल्याचा मेल मीच काकूंना वाचून दाखवला. टोकन तेवढं ड्रॉवरमध्ये राहून गेलं. फेकवेना मला ते.

आता त्या दिवसाचं.

मे महिना. सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. सिद्धूचं लग्न ठरलं होतं, मुलगी मंगळवेढ्याची. त्या दुपारी नवी पेठेत लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. सिद्धू मला न्यायला गाळ्यावर आला.

"चल की अक्का. अव्वा दुकानात जाऊन बसली बी."

"बस जरा. पाटील मॅडमचा गठ्ठा लावते, मग निघू."

पाटील मॅडम म्हणजे दुसऱ्या नोटरी, चांगल्या ठणठणीत, त्या वेळी कोर्टात. पोरांच्या ॲडमिशनची प्रतिज्ञापत्रं होती, त्या दिवशीच पाठवायची होती.

"गठ्ठा गठ्ठा… तुझं लई असतंय बघ. ती अव्वा एकटीच भाव करायली असंल, दुकानदार येडा व्हतोय तितं."

"व्हऊ दे की. आणि तू लग्नाआधी जरा हळू बोलायला शीक, नाही तर ती पोरगी पहिल्या दिवशीच माहेरची एसटी धरंल."

तो हसला, स्टीलच्या कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसला. मी बोलता बोलता ड्रॉवरमध्ये हात घातला, हाताला लागलं ते टोकन लावलं, पिन टाकला. स्क्रीनवर काय काय विचारतं, कोण वाचतं? ओके, ओके, ओके. सह्या सुरू झाल्या.

पहिल्या अर्जापुढं हिरवी खूण आली आणि सिद्धूचा उजवा हात झटक्यात टेबलावर आपटला. नुसता आपटला नाही… कुणीतरी कोपरापासून धरून टेबलाच्या कडेवर दाबून ठेवावा तसा राहिला. तो हाताकडं बघत होता, मी पण. दुसरी हिरवी खूण. कडाक् असा आवाज आला आणि मनगट माझ्या डोळ्यांदेखत उलटं वळलं.

काय ओरडला तो! "अय्यो अव्वा!" अजून कानात आहे.

मला वाटलं करंट आला. टेबल लोखंडी, वायरिंग जुनं. मी उडी मारून मेन स्विच पाडला. कूलर बंद, लाइट बंद. पण लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलवरचं… सह्या चालूच. पुढची खूण आली आणि सिद्धूचं तोंड एका बाजूला फेकलं गेलं. रक्ताची चिळकांडी माझ्या ओढणीवर आली. टेबलावर काहीतरी पांढरं टणकन पडलं. दात होता तो.

शेजारचे झेरॉक्सवाले रफीकभाई पळत आले. "क्या हुआ अक्का? कौन मारा इसको?"

"कुणी नाही ओ! धरा त्याला!"

रफीकभाईंनी त्याला काखेतून धरलं. आडदांड माणूस, झेरॉक्सचं मशीन एकटे उचलतात. पुढची खूण आली आणि सिद्धू त्यांच्या हातातून सुटून कपाटावर आदळला. छातीवर. मग परत छातीवर. बरगडी मोडताना कसा आवाज येतो ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आता कधी विसरणार नाही. रफीकभाई मध्ये आडवे झाले, दोन्ही हात पसरून त्याच्यापुढं उभे राहिले. त्यांना काही झालं नाही. त्यांच्या सदऱ्याची घडीसुद्धा हलली नाही, आणि त्यांच्या पाठीमागं सिद्धू मार खात होता. "या अल्ला, मार कौन रा?" म्हणत ते रडायला लागले.

खूण. गुडघा. सिद्धू खाली बसला तो बसलाच.

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं, की प्रत्येक वेळी आधी स्क्रीनवर खूण येते आणि मग मार बसतो. मी खुर्चीत पडले म्हणा, बसले म्हणा, आणि स्क्रीन वाचली. एकेका अर्जापुढं सही करणाऱ्याचं नाव येत होतं. पाटील मॅडमचं नव्हतं. अंबादास वकिलांचं होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं लिहिलेलं — सही वैध.

टोकन उपसायला मी हात घातला, बोटांत धरलं, आणि मागं वळून सिद्धूकडं बघितलं.

मनगट. दात. बरगड्या. गुडघा.

चादर मी स्वतः वर केली होती, मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मला ते सगळं एकदम दिसलं होतं, झालेलं. त्यातलं आधी काय आणि मग काय, हे मला माहीत नव्हतं, पोलिसांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. आणि माझ्यासमोर सिद्धूनं, गुडघ्यावर मार बसल्याबरोबर, चांगला हात उचलून डोक्यावर घेतला. मोडका पण उचलायला बघत होता. डोकं दोन्ही हातांत लपवून, मान छातीत घालून वाट बघत बसला. पुढं काय येतं ते त्याला माहीत होतं.

माझं डोकं सटकलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. टोकन बोटांत तसंच धरून मी म्हटलं, "सिद्धू, तू तिथं होतास?"

"बंद कर अक्का, बंद कर ते…"

"होतास का?"

"न्हाय गं… अव्वाची आण…"

खूण आली. छातीवर मार बसला. तोंडातून रक्ताचा फेस आला. रफीकभाई माझ्यावर ओरडले, "अक्का, निकालो ना वो! क्या देख रे? मर जायगा लडका!" मी नाही काढलं. स्क्रीनवर पुढचा अर्ज गोल गोल फिरत होता.

"सिद्धू! आता डोकं राहिलंय. शेवटचं विचारते. होतास का तिथं?"

"साक अक्का, साक!" म्हणजे पुरे, पुरे. लहानपणी मी मारायला लागले की असंच म्हणायचा. आणि मग फुटला. "व्हतो! व्हतो मी! हात मी धरला व्हता त्यांचा… कट्ट्यावर धरला. मालक म्हणला धर, म्हणून धरला. गज मी न्हाय मारला अक्का, मी हात धरला निस्ता!"

मी टोकन उपसलं.

त्याच क्षणी सिद्धूच्या मागच्या कपाटाला, त्याच्या डोक्याच्या केसभर वर, धाडकन फटका बसला. पत्रा आत गेला. पोचा आजही आहे, माझी मूठ बसते त्यात. मग सगळं शांत. बोळातली माणसं दारात जमली होती. खुर्चीखाली रक्त वाहत होतं.

मी त्याला मिठीबिठी मारली नाही. खोटं कशाला लिहू? मी त्याच्या थोबाडीत मारली. फुटलेल्या तोंडावर. रफीकभाईंनी मला मागं ओढलं. मग आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं, आणि तिथं पोलीस आले तेव्हा मी म्हटलं, याला अंबादास वकिलांच्या केसचं बोलायचंय. तो बोलला. सगळी नावं सांगितली. त्याचा मालक आणि बाकीचे आठवडाभरात तुरुंगात गेले. सिद्धू पण.

आता तुमच्यातले हुशार विचारतील ते आधीच लिहिते. डॉक्टर म्हणाले, जाड गजाचा मार आहे, फिट येऊन किंवा पडून असं होत नाही. पोलिसांना वाटलं मी आणि रफीकभाईंनी मिळून मारलं. आमच्या दोघांचे हात तपासले, गाळा उलटापालटा केला, गज काय, साधी काठी सापडली नाही. सिद्धूनं स्वतः सांगितलं, "अक्कानं न्हाय मारलं." कुणी मारलं विचारलं की भिंतीकडं बघायचा. वेब सर्व्हिसच्या हेल्पलाइनवाल्यांनी तीन-तीन वेळा तपासलं, म्हणाले, हे सर्टिफिकेट रद्द आहे, याच्यानं सही होऊच शकत नाही. मी म्हटलं, झालीय, समोर दिसतीय, बघा की! तर म्हणाले, हो मॅडम, दिसतंय. पाटील मॅडमना ते सगळे अर्ज नव्यानं करावे लागले. एक इंजिनिअर म्हणाला सर्व्हरची गडबड असेल. असेल बाबा. सर्व्हरच्या गडबडीनं बरगड्या मोडतात का, ते तेवढं विचारून सांग.

काकू घरी येऊन माझे हात धरून रडल्या. मला कसंतरीच झालं.

लग्न मोडलं हे सांगायला नकोच. अव्वा माझ्याशी बोलत नाही. एकाच घरात राहतो, ताट वाढून पुढं सरकवते आणि आत जाते. एकदाच बोलली. तिला रफीकभाईंच्या बायकोकडून कळलं होतं. म्हणाली, "तुझ्या हातात व्हतं ते. आन् तू हात धरून बसलीस व्हय गं? पोरगं मरायलं व्हतं आन् तू इचारत बसलीस?" मी म्हटलं, "त्यानं एका माणसाला मारायला मदत केली अव्वा." ती म्हणाली, "ते मला म्हाईत हाय. मी दुसरं इचारलं."

मागच्या महिन्यात तुरुंगात भेटायला गेले. मनगट वाकडंच जुळलंय, समोरचे दात नाहीत, बोलताना हवा जाते. जाळीपलीकडं बसला. मी डबा, कपडे, वकील काय म्हणतो ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता. वेळ संपल्याची हाक आली, उठलापण. मग जाळीजवळ तोंड आणून हळू आवाजात, एवढा हळू की हा सिद्धूचाच आवाज का असं वाटलं, म्हणाला, "अक्का, मी बोललो नसतो तर… काढलं असतंस का गं?"

"व्हय की," मी म्हटलं. "येडा हायस का? काढलं असतंच की."

मान हलवून तो आत गेला.

रद्द झालेली सही कशी झाली, मारत कोण होतं, कपाटाला पोचा कशानं पडला — मला माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर खाली लिहा, मी सगळं वाचते. पण सिद्धूनं विचारलं त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकणार नाही. ते माझं मलाच माहीत असायला पाहिजे होतं. रोज भांडी घासताना, गाळ्याचं शटर वर करताना, मी स्वतःला विचारते, आणि खरं सांगते… मला ते माहीत नाही.